भाऊंचे डोळे आणि गाडीचं मत

भाऊंनी गाडी वाळूच्या ढिगात घातली की ती आपली आपण घुसली, यावर त्यांच्या घरात अजून एकमत झालेलं नाही. भाऊंचं म्हणणं, समोरून ट्रक आला म्हणून त्यांनी गाडी बाजूला घेतली. वहिनींचं म्हणणं, ट्रकबिक काही नव्हता, हे चक्क घोरत होते. ढीग मऊ होता म्हणून गाडीला काही झालं नाही आणि माणसांनाही नाही. पण तिथून घरी येईपर्यंत सव्वा तास वहिनी एक अक्षर बोलल्या नाहीत. तीस वर्षांच्या संसारात असा सव्वा तास भाऊंनी कधी पाहिला नव्हता. ढिगापेक्षा त्यांनी त्याचीच जास्त धास्ती घेतली.

भाऊ म्हणजे कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाचे मालक. सगळी गल्ली त्यांना भाऊ आणि कॉलेजच्या ग्रंथालयात असलेल्या त्यांच्या बायकोला वहिनी म्हणते, तेव्हा आपणही तेच म्हणू. दर शनिवारी दुपारी बाराला दुकानाचं शटर ओढायचं आणि अडीच तास गाडी हाकत ताईकडे जायचं, हा भाऊंचा नेम. ताई ही त्यांची थोरली बहीण, वय चौऱ्याहत्तर, टेलिफोन ऑपरेटर म्हणून रिटायर झालेली, एका लहानशा गावात दोन खोल्यांच्या घरात एकटी राहणारी. तिच्याकडे जाऊन भाऊ तिची गोळ्यांची डबी भरत. सात दिवस, दिवसाचे तीन खण, एकूण एकवीस. डबी भरायची, चहा घ्यायचा, पाचला निघायचं, साडेसातला घरी. रविवारी सकाळी पुन्हा दुकान.

दूरदेशी राहणाऱ्या धाकट्या भावाला हे सगळं पसंत नव्हतं. तो दर रविवारी संध्याकाळी फोनवरून काळजी करायचा. "ताईचं घर बंद करा आणि तिला तुमच्याकडे आणा," हे त्याचं पालुपद. ताईचं उत्तरही ठरलेलं. "मला हलवायचं असेल तर आधी भिंती हलवा." तिची शेजारीण, तिचं वाचनालय, तिची खिडकीतली खुर्ची, यातलं काही तिला सोडायचं नव्हतं. भाऊ दर शनिवारी जातात, गोळ्या बघतात, या एकाच गोष्टीवर धाकट्याचं तोंड बंद होतं. म्हणजे भाऊंचं जाणं थांबलं की ताईचं घर सुटलं, इतका सरळ हिशेब होता.

घरी आल्यावर वहिनींनी अखेर तोंड उघडलं.

"एक महिना. महिन्याभरात न थकता जाणंयेणं जमलं तर ठीक. नाहीतर ताईंना इकडे आणायचं. धाकट्या भावोजींना मी गाडीतूनच मेसेज करून तसं कळवलंय."

"मी थकत नाही," भाऊ म्हणाले.

"ढिगाला सांगा," वहिनी म्हणाल्या.

तर अशा रीतीने नवी गाडी आली. शोरूममधला विक्रेता इतका गोड बोलणारा होता, की त्याला औषधांच्या कंपनीत नेमलं असतं तर लोकांनी हौसेने आजार ओढवून घेतले असते. ही गाडी म्हणे रस्त्यावरच्या पांढऱ्या रेषा बघते आणि आपल्या लेनमध्ये राहते. पुढच्या गाडीपासून अंतर राखते. कोणी आडवं आलं तर स्वतःच ब्रेक लावते. "सर, तुम्ही फक्त स्टिअरिंगला हात लावून बसायचं आणि लक्ष ठेवायचं. थकवा अर्ध्यावर येतो." भाऊंनी 'लक्ष ठेवायचं' एवढं सोडून बाकी सगळं ऐकलं.

गाडीबरोबर चारशे बारा पानांचं माहितीपुस्तक आलं. आता हे बघा, भाऊ गेली एकतीस वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावत आलेत, "आतला कागद वाचल्याशिवाय गोळी घेऊ नका." स्वतः मात्र त्यांनी पुस्तक न उघडता वहिनींच्या स्वाधीन केलं आणि गाडीतली होती नव्हती तेवढी सगळी बटणं एकदम चालू केली.

"अहो, सगळी औषधं एकदम घेऊ नका म्हणून लोकांना ओरडता ना?"

"ती औषधं असतात. ही सोय आहे."

सोयीचा पहिला फटका फाटकातच बसला. तळमजल्यावरचे वकील नवी गाडी बघायला म्हणून हातातला पेपर हलवत पुढे आले आणि गाडीने असा करकचून ब्रेक लावला, की भाऊंचं नाक स्टिअरिंगला टेकलं. वकिलांचा चेहरा उजळला. "भाऊ, कायद्याने हा फार रंगतदार मुद्दा आहे. समजा हिने ब्रेक लावला नसता आणि मी गेलो असतो. आरोपी कोण? तुम्ही की ही?" भाऊंनी सांगितलं, तुम्ही गेला नाही आहात, बाजूला व्हा. पण वकील खिडकीत कोपर टेकवून उभे राहिले. प्रत्येक प्रवासाआधी गाडीला एक लेखी सूचनापत्र द्यावं, त्याची एक प्रत डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवावी, मसुदा ते स्वतः करून देतील, वगैरे. मसुदा त्यांनी खरंच आणून दिला. 'मी, खाली सही करणार, जागा असून' अशी त्याची सुरुवात होती. या 'जागा असून'चं पुढे काय होणार आहे, याची बिचाऱ्या वकिलांना तरी काय कल्पना!

पहिल्या शनिवारी हमरस्त्याला लागल्यावर भाऊंची आणि स्टिअरिंगची झटापट सुरू झाली. भाऊंची जुनी सवय, खड्डा दिसला की हळूच रेषेवर जायचं. गाडीला ते खपेना. भाऊ डावीकडे ओढत, गाडी उजवीकडे. "अरे सोड! सोड म्हणतो ना!" पाऊण तास हे चाललं. शेवटी भाऊंनी खड्ड्यातून जाणं पत्करलं आणि गाडीने त्यांना माफ केलं.

मग अंतर राखण्याचं बटण. ते मात्र भाऊंना इतकं आवडलं म्हणता! पाय मोकळे, हात नुसते टेकवलेले, गाडी आपली संथ चाललीय. भाऊ प्रसन्न झाले. आजूबाजूची शेतं बघू लागले. लोक उगाच घाईत असतात, आयुष्य निसटून जातं, असं बरंच काही ते बोलले. वहिनी पुस्तक वाचत होत्या. बऱ्याच वेळाने त्यांनी मान वर केली.

"अहो, आपण इतक्या हळू का चाललोय?"

"हळू कुठे? शांतपणे चाललोय."

"पुढे गवताची गाडी आहे."

खरंच होती. ट्रॅक्टरच्या मागे जोडलेली, घराएवढा गवताचा भारा लादलेली. भाऊंची गाडी ताशी अठराच्या वेगाने तिच्या मागून अदबीने अंतर राखत चालली होती, किती वेळ ते कुणालाच सांगता येईना. मागे चौदा गाड्यांची रांग लागली होती आणि हॉर्न वाजत होते. भाऊंना वाटलं होतं, नव्या गाडीचं कौतुक चाललंय. त्या दिवशी ताईकडे ते दीड तास उशिरा पोचले आणि काचेवर चिकटलेलं गवत ताईने स्वतः झाडलं.

पण ही सगळी किरकोळ दुखणी. खरा घाव पुढेच होता. स्टिअरिंगच्या वर एक बारीकसा कॅमेरा होता, तो चालकाचं तोंड बघायचा. चालक पेंगतोय असं वाटलं की टिंग टिंग वाजायचं, पडद्यावर वाफाळत्या कपाचं चित्र यायचं आणि एक बाई अत्यंत मायेने म्हणायची, "आपण थकलेले दिसता. कृपया विश्रांती घ्या."

आता भाऊंचे डोळे. ते जन्मतः अर्धे मिटलेले आहेत. वडिलांचे तसेच होते, ताईचेही तसेच आहेत. शाळेत मास्तरांनी या डोळ्यांवर किती खडू फेकून मारले असतील याची गणती नाही. लग्नाच्या फोटोत नवरी हसतेय आणि नवरा झोपलाय. दुकानात तर लोक काउंटरवर टकटक करून "भाऊ, उठा" म्हणतात, आणि भाऊ त्यांच्याकडेच बघत असतात. जन्मभर माणसांनी केलेला हा आरोप आता यंत्रानेही करावा? पहिल्याच शनिवारी भाऊ गाडी सुरू करून आरसा नीट करतात न करतात, तोच टिंग टिंग.

"आत्ता तर बसलोय! थकेन कशाने?" भाऊ कडाडले.

"कृपया विश्रांती घ्या," बाई म्हणाली.

सोमवारी भाऊ सर्व्हिस सेंटरला गेले. तिथल्या तक्रार घेणाऱ्या बाईंनी स्वतः सीटवर बसून पाहिलं. कॅमेरा गप्प. मेकॅनिक बसला. गप्प. भाऊ बसले. टिंग टिंग. बाईंनी फॉर्म काढला. त्यात दोनच चौकटी होत्या, 'वाहनातील दोष' आणि 'वापरातील दोष'.

"वाहनात दोष नाही, सर."

"मग दोष कुणात आहे?"

बाई सभ्य होत्या. त्यांनी फॉर्म बाजूला सरकवला. मग म्हणाल्या, "तुमचे डोळे मूळचेच असे असतील तर डॉक्टरांचा दाखला आणा. आम्ही वर पाठवू."

डोळ्यांचे डॉक्टर भाऊंच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावरच राहायचे. त्यांनी तपासलं आणि म्हणाले, "नजर उत्तम आहे. तसा दाखला देतो."

"नजरेचा नको. डोळे उघडे आहेत असा द्या."

"उघडेपणाचा दाखला मी आजवर कुणाला दिलेला नाही, भाऊ." डॉक्टरांनी जरा विचार केला. "एक विचारू? थकायला होतं का हल्ली?"

"छे! अजिबात नाही."

बऱ्याच विनवण्यांनंतर डॉक्टरांनी दोन ओळी खरडल्या. भाऊ तो कागद घेऊन सर्व्हिस सेंटरला परत गेले. बाईंनी तो सरळ धरला, उलटा धरला, मेकॅनिकला दाखवला. "सर, हे काय लिहिलंय?" आता डॉक्टरांचं अक्षर वाचणं हेच ज्याचं उभं आयुष्य, त्याला यात काय अडचण? भाऊंनी घडाघडा वाचून दाखवलं. "रुग्णाच्या पापण्या जन्मतः खाली असून तपासणीच्या वेळी रुग्ण जागा होता."

"पण हे तुम्हीच वाचताय ना, सर. तुमच्याबद्दलचं तुम्हीच वाचलेलं आम्ही कसं धरायचं?"

भाऊ घरी आले आणि जेवले नाहीत.

मग त्यांनी स्वाभिमानाने दुसरा मार्ग काढला. गाडीला डोळे उघडे हवेत ना? घे! दुसऱ्या आणि तिसऱ्या शनिवारी भाऊंनी भुवया टाळूपर्यंत ताणून, डोळे बटाट्याएवढे करून गाडी चालवली. डोळ्यांत तेल घालून म्हणतात ते हेच. चौकातल्या ट्रॅफिक पोलिसाने हात करून गाडी थांबवली आणि काळजीने विचारलं, "काका, काय झालं? कुणी मागे लागलंय का?" वहिनींनी खिडकीतून सांगितलं, काही नाही, ते गाडीला आपण जागे आहोत असं दाखवतायत. पोलिसाने वहिनींकडेही जरा वेळ टक लावून बघितलं आणि मग जाऊ दिलं. घरी पोचेपर्यंत भाऊंचं कपाळ इतकं ठणकायला लागलं, की थकवा घालवणाऱ्या गाडीच्या मालकाने स्वतःच्या दुकानातल्या बामच्या दोन बाटल्या संपवल्या. आणि एवढं करून टिंग टिंग थांबलं का? नाव नको. उलट वाटेतला नदीचा पूल ओलांडला की ती बाई जास्तच चेकाळायची.

"माझा अपमान करायला घेतलीय ही गाडी," भाऊ म्हणायचे.  वहिनी मांडीवरच्या छोट्या वहीत काहीतरी लिहीत.

चौथा शनिवार उजाडला. महिना पुरा होत होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धाकट्याचा फोन येणार आणि निकाल लागणार. भाऊ सकाळपासून दुकानात उगाच शीळ घालत होते. निघाले. पूल ओलांडून दहा मिनिटं झाली, आणि टिंग टिंग.

"बघ, सुरू झाली कैदाशीण!"

"गाडी बाजूला घ्या," वहिनी म्हणाल्या.

"अगं पण..."

"घ्या म्हणते ना."

भाऊंनी एका झाडाखाली गाडी उभी केली. वहिनींनी माहितीपुस्तक उघडलं. "पान दोनशे सत्त्याऐंशी. ही गाडी नुसते डोळे बघत नाही. स्टिअरिंगवर हात कसा चालतो ते बघते, गाडी रेषेकडे किती वेळा कलते ते बघते, सलग किती वेळ चालवताय तेही बघते. सगळं मिळून ठरवते."

"मग?"

"मग ही वही बघा. तीन शनिवार, चौदा वेळा वाजली. तीनदा वाजली ती तुम्ही बसल्या बसल्या. ती तुमच्या डोळ्यांमुळे, ती मी सोडून देते. उरलेली अकरा वेळा पूल ओलांडल्यावर. पुलाच्या अलीकडे एकदाही नाही. प्रत्येक वेळी पुलाच्या पलीकडे."

भाऊंनी वही हातात घेतली. ग्रंथालयातल्या नोंदीसारख्या सुबक ओळी होत्या, तारीख, वेळ, ठिकाण. असले तक्ते त्यांनी हजारो बघितले होते. रोज चारला ताप चढतो असं कागद सांगत असेल तर रोगी कितीही म्हणो की मला काही झालेलं नाही, भाऊ त्याचं ऐकत नसत. त्याला सरळ डॉक्टरकडे पिटाळत.

त्यांनी वही मिटून डॅशबोर्डवर ठेवली.

"थकतो गं मी," ते शेवटी म्हणाले. "आठवडाभर दुकानात उभा असतो. शनिवारी हा पूल आला की वाटतं, इथेच गाडी लावावी आणि आडवं व्हावं."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर ताईला उचलून आणलं असतंत तुम्ही सगळ्यांनी. माझ्या थकण्यापायी तिचं घर सुटायचं? मला कसं सहन होईल ते?"  वहिनींनी त्यांची सीट मागे पाडली. भाऊ पंचवीस मिनिटं गाढ झोपले आणि गाडी बंद असल्यामुळे त्यावर कुणी काही बोललं नाही.

ताई दारात उभी होती. "आज पण गवत का?" तिने विचारलं. भाऊ हसले नाहीत. त्यांनी टेबलापाशी बसून डबी उघडली, गोळ्यांची पाकिटं मांडली, दोन खण भरले आणि हात थांबवला.

"ताई, मला दर शनिवारी झेपत नाही आता."

वाटलं होतं ताई रागावेल, नाहीतर डोळ्यांत पाणी आणेल. ती म्हणाली, "तरी म्हटलं, कधी बोलतोस." आणि तिने डबी त्यांच्या हातातून काढून घेतली. भरलेले दोन खण टेबलावर पालथे केले आणि गोळ्यांकडे न बघता, नुसत्या बोटांनी चाचपून, भराभर एकवीसच्या एकवीस खण भरले. एखादी गोष्ट हजार वेळा केलेल्या माणसाचे हात होते ते.

"तुला येतं हे?" भाऊंनी विचारलं.

"वर्ष झालं. तू गेलास की मी डबी रिकामी करते आणि परत भरते. दोनदा तू रक्तदाबाची गोळी एकाच खणात दोन-दोन टाकली होतीस."

 एकतीस वर्षांत भाऊंच्या दुकानातून एक चुकीची गोळी गेली नव्हती. परक्या माणसाच्या बाबतीत चूक नाही, आणि सख्ख्या बहिणीच्या डबीत दोनदा. ते डोकं धरून बसले. गाडीने कप दाखवला, वहिनींनी वही दाखवली, पण खरं कळलं ते आत्ता.

"अगं मग बोलली का नाहीस? काही झालं असतं म्हणजे?"

"काय होणार होतं? मी बघत होते ना. बोलले असते तर तुला लागलं असतं. आणि..." ताई खिडकीकडे बघू लागली. "आणि डबी माझी मला भरता येते म्हटल्यावर तू यायचा थांबला असतास. तुला दुकान सोडून यायला कारण लागतं, भाऊ. लहानपणापासून लागतं."

वहिनींनी पदराने डोळे टिपले आणि उठून चहा टाकायला गेल्या. ताईने मग एका दमात बाकीचंही सांगून टाकलं. भाऊ येणार म्हणून ती शुक्रवारी सकाळपासून स्टुलावर चढून जळमटं काढत होती, फरशी पुसत होती, म्हातारीला घर झेपतंय असं त्यांनी धाकट्याला सांगावं म्हणून. आणि ते गेले की रविवारभर कंबर धरून अंथरुणात. "तुझ्या येण्याने मला एक दिवस अंथरूण लागतं," ती म्हणाली. भाऊंना आधी हसावं की रडावं कळेना. मग ते हसायला लागले, ताईही लागली, आणि ती दोघं अर्धमिटल्या डोळ्यांची भावंडं खोकला येईपर्यंत हसत राहिली.

त्या दिवशी भाऊ पाचला निघाले नाहीत. रविवारी दुकान बंद राहील, अशी पाटी वकिलांना फोन करून लावायला सांगितली. वकिलांनी मसुद्याबद्दल विचारलं, तेव्हा भाऊंनी फोन कट केला. रविवारी दुपारी जेवून ते आडवे झाले ते उठेचनात. संध्याकाळी त्यांचा फोन वाजला. धाकटा. ताईने उचलला.

"हं, बोल. भाऊ झोपलाय, मी उठवणार नाही. हो, महिना झाला, ठाऊक आहे मला. नाही, मी कुठेही येत नाही. गोळ्या माझ्या मी घेते, विचार तुझ्या वहिनीला. ती सांगेल मला येतं की नाही ते. भाऊ? तो येईल ना, पंधरा दिवसांनी. मुक्कामाला येईल, जमलं तर बसने येईल. अरे, काम कसलं असायचंय? त्याचं इथे काहीएक काम नाही. म्हणून तर येणार आहे."

धाकटा पलीकडून अजून बोलतच होता. ताईने फोन ठेवून दिला.